सिंधुवहिनीचा उखाणा

राजकन्या सध्या लातुरात एका क्लासेसच्या ऑफिसात बसते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेले आईबाप सकाळपासून तिच्या काउंटरपुढे उभे असतात, आणि ती त्यांना बॅचच्या वेळा सांगते. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले, तेव्हा भिंतीकडच्या बाकावर दोन मुली एका मोबाइलमध्ये डोकं घालून कोरियन मालिका बघत होत्या. मी हसून राजकन्याकडे पाहिलं. तिनं लगेच चहावाल्याला हाक मारली. कोरियाचं नाव निघालं की ही मुलगी हल्ली विषय बदलते. दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडून कोरियाशिवाय दुसरं काही निघत नव्हतं, आणि मीच वैतागून म्हणायचे, बाई गं, जरा रेणापूरला परत ये.

मी शिवगंगा. मूळची उदगीरची. नांदेडच्या एका कॉलेजात एम.ए.ला शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास संपला की आमचं नातं संपलं. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा त्यात 'समकालीन आशियाई लोकप्रिय संस्कृती' नावाचा एक ऐच्छिक पेपर होता. कायम नोकरीतल्या प्राध्यापकांनी तो विंचू झटकावा तसा झटकला आणि तो माझ्या पदरात पडला. पोरांनी तो सोपा असेल म्हणून घेतला. सिनेमे बघायचे आणि पास व्हायचं, एवढीच त्यांची अपेक्षा.

पहिल्या तासाला मी विचारलं, कोरियाबद्दल कुणाला काय माहीत आहे? मागच्या बाकावरून एकजण "अणुबॉम्ब" म्हणाला. वर्ग हसला. मग एक उंच, सावळी पोरगी उभी राहिली.

"मॅडम, तिथं माणसं भेटली की आधी 'जेवलास का' म्हणून इचारतेत."

मला एकदम माझी आई आठवली. आमच्या घरात निम्मं कानडी. दारात कुणीही येवो, आई आधी "ऊटा आयता?" म्हणणार, जेवण झालं का ते विचारणार, मग बाकीचं. शेजारची सिद्धम्मा तर भांडायला आली तरी आधी हेच विचारायची. मी त्या मुलीला म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं?

"वहिनीनं," राजकन्या म्हणाली.

राजकन्याचं गाव रेणापूर तालुक्यातलं. वडील ग्यानोबा, आई पंचफुलाबाई, घरची शेती. भाऊ बालाजी लातूरच्या एमआयडीसीत तेलाच्या कारखान्यात जातो. त्याची बायको सिंधु निलंग्याकडची. बारावीला पहिल्या वर्गात आलेली. मग स्थळ चांगलं आलं आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. सासरी छळ नाही, मारझोड नाही. सांगण्यासारखं दुःखच नाही, आणि तसलं दुःख सगळ्यात अवघड, कारण ते कुणाला सांगता येत नाही. सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं. घराघरात हेच चालतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही.

तर ही सिंधु पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून, हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका बघत भाकरी थापायची. दुपारी गल्लीतल्या बायाही यायच्या. त्यातल्या एका मालिकेत मिन्सू नावाचा शेवयांचं दुकान चालवणारा पोरगा होता. नायिका दमून भागून ऑफिसातून यायची आणि तो दुकानाच्या दारात उभा राहून रोज विचारायचा, जेवलीस का? बस्स, एवढंच. बायांनी त्याला 'राव' लावून टाकलं. "आज मिन्सूराव काय म्हणले गं?" अशी गल्लीत चौकशी व्हायची. शेंगा फोडता फोडता मिन्सूरावांच्या आईचा उद्धार व्हायचा, कारण ती मेली पोराचं लग्न होऊ देत नव्हती.

राजकन्यानं प्रबंधिकेसाठी हाच विषय घेतला, मराठवाड्यातल्या खेड्यांमधल्या बाया आणि कोरियन मालिका. आमच्या विभागप्रमुखांनी आधी नाक मुरडलं. पण तिनं सुट्टीत घरी जाऊन बायांची बोलणी टिपून आणली आणि मी वाचत बसले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा पेपर शिकवून माझं आयुष्य अगदीच वाया गेलेलं नाही. त्या वेळी राजकन्या हवेत होती. जपानची कार्टून, कोरियाची गाणी, थायलंडच्या मालिका, सगळं जग तिला आपल्या गल्लीतून जाताना दिसत होतं. तिला पुढं पीएच.डी. करायची होती, हैदराबादला.

संक्रांतीला ती गावी गेली आणि परत आली ती मोबाइल हातात नाचवतच. "मॅडम, ऐका."

हळदीकुंकवाला घरात गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. नाव घ्यायचा आग्रह झाला. सिंधुनं आढेवेढे घेतले, आणि मग तिचा आवाज आला, स्वच्छ, थोडा थरथरता:

"साऱ्यांची ताटं वाढली, उष्टी काढाया बसले,
मिन्सूराव म्हणले 'जेवलीस का?' अन् मी एकटीच हसले."

लगेच बायांचा हलकल्लोळ. त्यात पंचफुलाबाईंचं हसणं सगळ्यात मोठं. खोकल्यासारखं अडकत अडकत हसतात त्या. "अगं भवाने, नवऱ्याचं घे की!" असं त्यांनीच म्हटलेलं ऐकू येतं.

मी ते तीनदा ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवत नाही. राजकन्या म्हणाली, "चौथं प्रकरण यावरच लिहिते." वहिनीला विचारलंस का, असं मी म्हटलं. तिनं विचारलं होतं. सिंधु म्हणाली होती, "ऐकवा की. नांदेडात कोण वळखतंय मला?"

आता इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही. उखाण्यात घेते, आणि उखाण्यात जे नाव येतं ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं असतं. त्याची थट्टा फक्त हळदीकुंकवातच चालते. तिथं बाया नवऱ्यांच्या नकला करतात, सासवांच्या करतात, नाही नाही ते बोलतात, आणि वाण घेऊन उठल्या की सगळं उंबऱ्याच्या आत सोडून जातात. राजकन्या याच घरात वाढली. तिला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण तिला कॉलेजचा हॉल म्हणजे कोरियाइतकाच लांबचा मुलूख वाटला. तिथलं बोललेलं गावात येणार नाही, असं तिनं धरून चाललं.

फेब्रुवारीत विभागानं चर्चासत्र भरवलं. राजकन्या उभी राहिली. सिंधुचं नाव तिनं कुठंही घेतलं नाही; 'सहभागी क्रमांक चार' म्हणाली. गावही सांगितलं नाही. आणि मग आवाज ऐकवला. हॉल आधी हसला, मग टाळ्या पडल्या. नाक मुरडणाऱ्या विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे प्रकरण हैदराबादला पाठवा, पोरीचं काम होऊन जाईल. आम्ही दोघी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून वेड्यासारख्या हसत होतो.

प्रेक्षकांतल्या कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. आठवडा गेला नाही तोच जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या एका यूट्यूब चॅनलवर ते झळकलं: 'कोरियन हिरो झाला मराठवाड्याचा जावई!' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि तिथून ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. नाव लपवता येतं, आवाज कसा लपवणार? सिंधुचा आवाज एखाद्यानं ओळखला नसता, पण पंचफुलाबाईंचं हसणं अख्ख्या गावाला पाठ होतं.

बालाजी वाईट माणूस नाही. कुणी त्याला येऊन सरळ शिवी दिली असती तर त्यानं दोन दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण लोक गोड बोलले. हॉटेलात गेला की, "या पाव्हणं, कोरियावाले येणार हायत का औंदा ऊस तोडाया?" कारखान्यात डबा उघडला की, "बालाजी, जेवलास का?" आणि सगळी पंगत हसायची. त्यानं डबा न्यायचं बंद केलं. मग बोलायचं बंद केलं. आणि एका सकाळी सिंधुला एसटीत बसवून निलंग्याला सोडून आला.

त्यानं राजकन्याला फोन केला तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "तुझ्या शिक्षणापायी माझी इज्जत चौकात गेली. लोकं मला पाहून हसायलेत. तिनं माझ्या घरात बसून दुसऱ्याचं नाव घेतलं अन् तू त्याच्या टाळ्या घेतल्यास." मग फोन आईनं घेतला. पंचफुलाबाई रडत होत्या, पण त्यांचं दुखणं निराळं होतं. "म्या काय उपाशी ठिवलं का गं तिला? लोक इचारतेत, सुनेला खाया घालीत न्हाईस का म्हणून."

त्यानंतर राजकन्याचा चेहरा जो उतरला तो आजपर्यंत मला पहिल्यासारखा दिसलेला नाही. जेवण तुटलं. वर्गात बसायची, पण लक्ष नसायचं. चॅनलवाल्यांना आम्ही फोन केले, विनवण्या केल्या. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण आंबा खाल्ल्यावर कोय परत करण्यातली गत. तोवर तो ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये होता. बालाजीची अट एवढीच होती की सिंधुनं दोन्हीकडच्या माणसांसमोर 'चुकले' म्हणावं आणि नीट त्याचं नाव घ्यावं, मग सुखानं घरात यावं. आणि सिंधु निलंग्यात बसून म्हणत होती, "चुकले म्हणाया म्या काय केलं?" तिचे वडील भुजंगराव मधल्यामध्ये बेजार झाले. नात्यातल्या कुणीतरी काडीमोडाची भाषा काढली, आणि ती कानावर आली तेव्हा राजकन्या पार हादरली.

होळीच्या आधी ग्यानोबांच्या घरी बैठक ठरली. "तुमच्या मॅडमला बी घिऊन ये," असा निरोप होता. मला जायचं नव्हतं. दोन घरांच्या भांडणात मास्तरीण कशाला? पण या पोरीला एकटीला सोडवेना. नांदेडहून लातूरच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. अहमदपूर मागं पडल्यावर म्हणाली, "मॅडम, मी सांगणार आहे की उखाणा मीच लिहून दिला. अभ्यासासाठी. वहिनीनं फक्त वाचून दाखवला."

"आणि चौथं प्रकरण?"

"काढून टाकायचं. आपणच लिहून आपणच संशोधन केलं म्हणल्यावर ते कोण ठेवून घेणार?"

"हैदराबाद?"

तिनं मान हलवली. मी चिडले. खूप बोलले. खोटं बोलून आजचं भांडण मिटेल, पण तुझं काय? असं बरंच. ती म्हणाली, "वहिनीचं घर मोडलं तर मी ते प्रकरण घेऊन काय करू, मॅडम?" खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

बैठकीत माणसं ओसरीवर आणि बाया स्वयंपाकघराच्या दाराआड. ग्यानोबा मान खाली घालून बसलेले. भुजंगरावांनी टोपी मांडीवर काढून ठेवली होती. मी एकटीच बाई खुर्चीवर, त्यामुळे मला आणखी अवघडल्यासारखं झालं. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग ग्यानोबा म्हणाले, "सुनबाईला बोलवा. तिला काय म्हणायचंय ते तिच्या तोंडून ऐकू."

सिंधु दारात येऊन उभी राहिली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. इतकी लहानखुरी असेल असं त्या आवाजावरून वाटलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट केला तिनं, बालाजीकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "म्या काय म्हणते..."

"दादा, आधी माझं ऐक!" राजकन्या मधेच उठली. "वहिनीची काई चूक न्हाई. त्यो उखाणा म्या लिहून दिला व्हता. कॉलेजच्या अभ्यासाला पाहिजे व्हता म्हणून तिला म्हणाया लावला. तिला तर ठावं बी नव्हतं त्याचं काय हुणार हाय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "खरं का, मॅडम?" ग्यानोबांनी विचारलं. मी 'हो' म्हणाले.

घरातली हवाच बदलली. भुजंगरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. बालाजीनं हुश्श केलं. त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं असावं. "मला वाटलंच," तो म्हणाला. "हिच्या डोक्यात कशाला यील असलं? हिला घरातल्या कामातून सवड कुठाय?" एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं शिकलेल्या पोरींवर चार शब्द सुनावले, ते राजकन्यानं मान खाली घालून ऐकले. पोरांपैकी कुणीतरी हेही मोबाइलवर घेत होतं. बरं झालं, असं त्या वेळी वाटलं; ग्रुपवर हेही जाईल आणि लोकांची तोंडं बंद होतील. आत पंचफुलाबाईंनी कढई चढवायला सांगितली. सून घरात आली, गोडाधोडाचं व्हायला पाहिजे.

सिंधु दारातच उभी होती. तिला काय म्हणायचं होतं हे कुणी विचारलं नाही. मग ती वळून आत गेली.

जेवणं झाली. आधी माणसांची पंगत, मग पाहुणी म्हणून माझी आणि माझ्यासोबत राजकन्याची. शिरा चांगला झाला होता. हात धुवायला आम्ही मागच्या दारी गेलो, तिथं सिंधु ताटं विसळत होती. राजकन्या तिच्याजवळ उकिडवी बसली. तिला काय अपेक्षित होतं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. वहिनी आता रडेल, गळ्यात पडेल.

सिंधुनं वर न बघता विचारलं, "ताई, तुमाला म्या बोला म्हणले व्हते का?"

"वहिनी, अगं, तुला चुकले म्हणावं लागलं असतं."

"न्हाई म्हणणार व्हते म्या चुकले." तिनं ताट उपडं ठेवलं. "म्या ह्येंना म्हणणार व्हते, की रोज रातच्याला मला एकदा इचारा, जेवलीस का म्हणून. मग तुमचं नाव घेते. धा जणांत घेते. लई दिवस निलंग्यात बसून तेवढंच पाठ केलं व्हतं."

राजकन्या म्हणाली, "मग आता म्हण की."

"आता काय म्हणू? उखाणाच माझा न्हाई म्हणल्यावर आता त्ये कशापायी इचारतील?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "लगीन झाल्यापून ह्या घरात सगळं दुसऱ्याचं हाय, ताई. चूल आत्याबायची, रान मामंजीचं, मोबाइल बी ह्येंचाच जुना. त्यो उखाणा तेवढा म्या जुळिवला व्हता. आधी तुमी त्यो नांदेडला नेला, तवा म्या काई बोलले न्हाई. आज तुमचाच करून टाकला."

"मी तुझं घर वाचवलं, वहिनी." राजकन्या म्हणाली.

"व्हय, वाचिवलं," सिंधु म्हणाली. "सरका, पाणी उडतंय तुमच्या कपड्यावर."

ओसरीवरून बालाजीनं हाक दिली, पाहुण्यांना सुपारी आण म्हणून. ती हात पुसून आत गेली. तिच्या चालण्यात राग नव्हता, घाई होती, नेहमीची. मी तिथंच उभी होते. शिकवण्याचा धंदा माझा, पण त्या वेळी कुणाची बाजू घ्यावी हे मला कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही. राजकन्यानं दुसरं काय करायला हवं होतं, ते कुणीतरी मला सांगावं. तिनं स्वतःचं भविष्य कापून दिलं, आणि ज्या बाईसाठी दिलं तिच्या तोंडातला घास त्याच सुरीनं कापला गेला.

निरोप घेताना दारात सगळे होते. पंचफुलाबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डब्यात शिरा भरून दिला. बालाजी स्वतः आम्हाला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायला आला, जाताना बहिणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "असले उद्योग करू नको परत." सिंधु आतच होती. भांड्यांचा आवाज येत होता.

लातूरची गाडी भरलेली होती. आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. रेणापूर मागं पडलं. मी शिऱ्याचा डबा मांडीवर धरून बसले होते. मग तिनं एकदम माझा दंड घट्ट धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "आपण जेवलो. निघताना वहिनीला विचारलंच नाही."